गाळाचं वय

नवीन जालन्यातल्या आमच्या घराच्या खिडकीत काचेची एक बरणी तीन दिवस उभी होती. मामांच्या मळ्यातली, कुंडलिकेच्या अगदी काठची ओंजळभर माती तिच्यात घातली, गळ्यापर्यंत पाणी भरलं, झाकण लावून खूप वेळ हलवली आणि फळीवर ठेवून दिली. माती ओळखायची ही सगळ्यात साधी रीत. यात फक्त धीर लागतो.

पहिल्याच मिनिटात वाळू खाली बसली. करड्या-काळ्या कणांचा तो थर म्हणजे आपल्या दख्खनचा खडकच, बारीक झालेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, त्याचा बेसाल्ट झाला. ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळ्यांनी त्याचा मुरूम केला, मुरमाची माती केली. मग ती माती नदीने उचलली. पुराचं पाणी काठ ओलांडून शेतात शिरलं की त्याचा वेग मोडतो आणि हातातलं ओझं ते वजनाप्रमाणे खाली ठेवत जातं. जड वाळू काठालगत, त्याच्या पुढे पोयटा, आणि सगळ्यात हलकी चिकणमाती पार लांब, जिथे पाणी साचून राहतं तिथे. म्हणून मामांच्या मळ्यात नदीकडची पट्टी भुसभुशीत आहे आणि दोनशे पावलं आत गेलं की तीच जमीन काळीभोर, भारी होते. मधे बांध नाही. पायाला मात्र फरक कळतो.

दोनेक तासांत पोयटा बसला. हा शब्द मला फार आवडतो. वाळू आणि चिकणमातीच्या मधल्या कणालाही आपण पोयटा म्हणतो, आणि तिन्हींचा नीट मेळ जमलेल्या जमिनीलाही पोयट्याचीच म्हणतो. दहा भागांत साधारण चार वाळू, चार पोयटा, दोन चिकणमाती असा तो मेळ. ओली माती चिमटीत धरून अंगठ्याने पुढे सरकवत तिची पट्टी काढायची. वाळूची पट्टी होतच नाही. भारी काळीची पट्टी बोटभर लांब निघते. पोयट्याची पट्टी इंचभर होण्याआधीच तुटते.

आजा अशी पट्टी कधी काढत नसे. पाऊस उघडला की वावरात जाऊन मूठभर माती दाबायचा आणि मूठ उघडून बघायचा. "मातीनं हात सोडला की वापसा आला," म्हणायचा. माती ओली आहे पण हाताला चिकटत नाही, ढेकूळ होतं पण बोट लावताच फुटतं, अशी ती वेळ. भारी काळीत ही वेळ दोन-चार दिवसांत निसटते: आधी औत रुततं आणि नंतर ढेकळं दगडासारखी होतात. पोयट्याची जमीन शेतकऱ्याला जास्त सवड देते.

आमच्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि मधे मोठमोठे खंड घेऊन. अशा मुलखात माती किती पाणी धरते एवढंच पाहून भागत नाही, धरलेलं पाणी ती मुळांना देते का तेही पाहावं लागतं. वाळू धरतच नाही. चिकणमाती खूप धरते, पण त्यातलं बरंच इतकं घट्ट की मुळीला ते ओढून घेता येत नाही. आणि सुकली की ती भेगाळून मुळ्याच तोडते. पोयटा धरतो आणि देतोही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या मोसंबीलाही निचरा होणारी जमीनच मानवते. बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या लागतो, साल फुटून डिंक वाहतो, आणि बघता बघता झाड जातं.

गावाने जमिनीला नावं आपल्या गरजेतून दिली. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. मग भारी, मध्यम, हलकी. मुरमाड, बरड, चोपण, मळईची. काय पिकेल, औत कसं चालेल, हे सगळं त्या नावांतच आहे. शास्त्राने नावं दिली ती मातीच्या जन्मकथेवरून. अशा नदीकाठच्या कोरडवाहू पोयट्याला शोभेल असं एक नाव त्या वर्गीकरणात आहे: फ्लुव्हेंटिक हॅप्लुस्टेप्ट. ऐकायला परकं वाटतं, पण शेवटाकडून उलगडत गेलं तर त्यात आख्खं वर्णन सापडतं. 'एप्ट' म्हणजे नुकती सुरुवात झालेली. 'उस्ट' हे लॅटिनमधल्या भाजलेल्याचं रूप, म्हणजे वर्षातले कित्येक महिने कोरडी राहणारी. 'हॅप्ल' म्हणजे साधी. आणि 'फ्लुव्हेंटिक' म्हणजे नदीने आणलेली. नदीने आणलेली, साधी, उन्हात भाजणारी, नुकतीच सुरू झालेली माती. आजा असता तर मी त्याला हे नाव असंच फोडून सांगितलं असतं, आणि त्याला ते पटलं असतं.

या 'नदीने आणलेली'मागे एक सुंदर पुरावा आहे. इतर जमिनीत खोल जावं तसा सेंद्रिय कर्ब क्रमाक्रमाने कमी होत जातो. गाळाच्या जमिनीत तो मधेच कमी होतो, मग पुन्हा वाढतो. कारण खाली गाडलेला एकेक थर कधीकाळी वरचा होता. त्यावर गवत उगवलं होतं, पालापाचोळा कुजला होता, आणि मग एका पुराने त्याच्यावर नवं पांघरूण घातलं. मामांनी मोसंबीसाठी मीटरभर खोल खड्डे घेतले तेव्हा खड्ड्याच्या भिंतीत मी ते पट्टे पाहिले: फिकट, गडद, पुन्हा फिकट. एकेका गडद पट्ट्यावर कुणीतरी कधीतरी उन्हात उभं राहिलं असेल.

'जालना, सोने का पालना' असं आमच्या गावाबद्दल म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात इथली बाजारपेठ असते. मला मात्र त्या पाळण्यात ही माती दिसते. कोट्यवधी वर्षांच्या खडकाची लेक, आणि शास्त्राच्या हिशेबाने अजून तान्ही.

आता पुराचा गाळ शेतापर्यंत पूर्वीसारखा पोचत नाही. तो तलावांत अडतो. २०१२-१३च्या दुष्काळात तलावांचे तळ उघडे पडले आणि जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. त्या काळात लोकांनी तलावांतला गाळ काढून शेतात नेला. निजामाच्या काळापासून शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या तलावाचाही उपसला. २०१७मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. नदीचं अडलेलं काम ट्रॅक्टर करू लागले. पण नदीला कुठे काय ठेवायचं ते वजनावरून कळत होतं, ट्रॅक्टरला ते कळत नाही. मुरमाड बरडावर चिकण गाळाचा पातळ थर दिला तर ती जमीन पाणी धरायला शिकते. तोच गाळ आधीच भारी असलेल्या काळीवर टाकला तर तिचा निचरा आणखी बिघडतो. म्हणून गाळ उचलण्याआधी त्याचं नाव विचारायचं, आणि ज्या जमिनीत तो जाणार तिचंही. मातीची प्रतवारी करायची ती एवढ्यासाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीतलं पाणी नितळ झालं. सगळ्यात वर चिकणमातीचा गुळगुळीत, पातळ थर बसला होता. चोपण माती असती तर पाणी आठवडाभरही गढूळ राहिलं असतं, कारण तिच्यातलं सोडियम बारीक कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाही. इथे कॅल्शियम आहे, चुनखडीतून आलेलं. ते कणांना हळूहळू एकत्र आणतं आणि खाली बसवतं. मी बरणीतून पलीकडची सकाळ पाहिली, स्वच्छ.

संध्याकाळी बरणी घेऊन मळ्यात गेलो आणि नदीकडच्या पट्टीत, एका मोसंबीच्या आळ्यात ती उपडी केली. ओंजळभरच माती. पण इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, म्हणून बरणीच्या तळाला चिकटलेलं तेवढंही पाणी घालून विसळलं आणि तेही आळ्यातच ओतलं. मग मूठभर ओली माती दाबून पाहिली. अजून हात सोडत नव्हती. तिथेच बांधावर बसून राहिलो.