काटवटीपुढची तपासणी

पक्षाघात, मोडलेले हाड, संधिवात किंवा मनाचा आजार यांतून सावरणाऱ्या माणसाला रोजची कामे किती जमतात, कुठे अडते आणि का अडते, हे शोधणे म्हणजे व्यवसायोपचारातील मूल्यमापन. ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ इथे धंद्यापुरता नाही. दात घासणे, लुगडे नेसणे, चूल पेटवणे, खुरपणे, संध्याकाळी पारावर जाऊन बसणे, असे दिवसभरात माणूस जे जे करतो ते सारे त्यात येते. भारतात या विद्येचे पहिले रीतसर शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, ते जन्माने अमेरिकी असलेल्या आणि लग्न करून इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांच्यामुळे. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. विद्या इथे रुजून पाऊणशे वर्षे झाली. तपासणीचे तक्ते मात्र बहुतेक अजून खुर्ची, टेबल आणि उंच पलंग असलेले घर धरून चालतात. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यात काम करायचे, तर ते घर आधी बाजूला ठेवावे लागते.

समजा, या तालुक्यातल्या एका गावात साठीतल्या बाईच्या उजव्या अंगावरून वारं जाऊन चार महिने झाले आहेत. बोलणे शाबूत आहे, काठी घेऊन चालता येते. तपासणी सुरू होते ती विचारपुशीने. ‘मावशी, स्वयंपाक करता का?’ असे विचारले की उत्तर बहुधा मुलगा किंवा सून देते, आणि तेही मोघम. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?’ असे विचारले की दिवस उलगडू लागतो: चहा कोणी केला, न्हाणीत पाणी कोणी ठेवले, पदर कोणी खोचून दिला, दुपारी बाजेवर किती वेळ नुसते पडून गेले. कालच्या दिवसाबद्दल सहसा कोणी मोघम बोलत नाही, म्हणून हा प्रश्न मोलाचा.

तरीही ऐकलेले अपुरेच असते. काम प्रत्यक्ष होताना, त्या माणसाच्याच जागेत आणि त्याच्याच भांड्यांनी होताना पाहावे लागते. मराठवाड्यातल्या घरात त्यासाठी भाकरीइतकी चांगली कसोटी दुसरी क्वचितच सापडेल. बाई जमिनीवर बसते कशी, एक गुडघा उभा ठेवून तोल सावरते का, काटवट ओढताना धड पुढे झुकते का, इथपासून पाहणे सुरू होते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. अशा वेळी ती आपणहून गरम पाणी मागते का? ही स्मृतीची आणि निर्णयशक्तीची परीक्षा आहे, आणि कागदावरच्या कोणत्याही कोड्यापेक्षा खरी आहे. मळताना तळहाताच्या टाचेवर खांद्यातून भार यावा लागतो. थापताना एक हात थापतो, दुसरा कड आवरत भाकरी फिरती ठेवतो. दोन हातांची दोन वेगळी कामे एका लयीत चालावी लागतात. पक्षाघातानंतर नेमकी ही लय तुटते. मग भाकरी तळहातावर उचलून तव्यावर टाकणे, वरून पाणी फिरवणे, ते सुकता सुकता उलटणे, जाळ मागेपुढे करणे. पाणी फिरवायचे राहून गेले तर दोष हाताच्या ताकदीत शोधून चालत नाही. कामाचा क्रम निसटलेला असतो. दोन्ही अडचणींचे उपचार वेगळे, म्हणून एकेक पायरी सुटी करून पाहायची.

हे पाहताना तपासणाऱ्याने हात आवरून बसणे सर्वांत अवघड. भाकरी मोडते आहे असे दिसले की मदतीला हात आपोआप पुढे जातो. पण मदत लागली तर कोणती, नुसती तोंडी आठवण, कोपराला स्पर्श की प्रत्यक्ष धरणे, हीच नोंदवायची गोष्ट असते. भाजण्याचा धोका दिसला की मात्र लगेच थांबवायचे. म्हणूनच चुलीजवळ जाण्याआधी हाताची संवेदना तपासलेली हवी. पक्षाघाताखेरीज मधुमेह आणि कुष्ठरोगातही हात दिसायला धड असतो आणि तव्याची धग त्याला कळत नाही.

निरीक्षणानंतर गुण. सर्वांत रुळलेला तक्ता १९६५ साली अमेरिकेत माहोनी आणि बार्थेल यांनी प्रसिद्ध केला. त्यात जेवण, अंघोळ, कपडे, शौच, चालणे, जिना अशा दहा बाबी आणि एकूण १०० गुण आहेत. पलंगावरून खुर्चीत जाण्याला १५, जिन्याला १०. बदनापूरकडच्या अनेक घरांत अंथरूण जमिनीवर असते आणि जिना नसतोच. उंबरठा, ओट्याच्या दोन पायऱ्या आणि उकिडवे बसण्याचा संडास असतो. जमिनीवरून उठण्याला या दहा बाबींत स्वतंत्र जागा नाही. त्यामुळे ९० गुण मिळवणारी बाई खाली बसली की कोणी उठवेपर्यंत अडकून पडू शकते. तक्ता त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. १०० गुण म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असे नव्हे, हे तो करणाऱ्यांनीच सांगून ठेवले होते. गुणांच्या रकान्याशेजारी या घराच्या नोंदी लिहिल्या, की त्याचा उपयोग होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणाने केलेला एक भेद इथे फार कामाचा आहे: माणसाला काय जमू शकते हे एक, आणि तो आपल्या घरात खरोखर काय करतो हे दुसरे. तपासणीत बाईने भाकरी केली, पण घरी चार महिने काटवटीला हात लागलेला नाही, कारण ‘आम्ही त्यांना काही करूच देत नाही.’ हे प्रेमच असते. पण अशा घरात व्यायाम वाढवून फारसे काही हाती लागत नाही. सुनेशी शांतपणे बोलावे लागते.

शेतातल्या कामाचे मोजमाप आणखी वेगळे. कापूस वेचायला चिमूट लागते, बोंडाची टोके बोटांना टोचतात, आणि मजुरी किलोवर मिळते. म्हणून तिथे ‘वेचता येते’ एवढी नोंद पुरत नाही. वेग हाच रोजगार. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले, ती तूर विळ्याने कापताना जाड खोड एका हाताने आवळून धरावे लागते. पकडमापकावरचे किलो त्याचा अंदाज देतात, एवढेच.

शेवटी उद्दिष्ट ठरते, आणि ते बाईने ठरवायचे. १९९१ साली कॅनडात तयार झालेल्या एका पद्धतीत माणूस आपल्याला महत्त्वाची वाटणारी कामे निवडतो आणि ती किती जमतात व त्याबद्दल किती समाधान आहे याला स्वतःच १ ते १० गुण देतो. कुटुंबाला वाटते चालणे सुधारावे. बाई म्हणते, मला माझं लुगडं माझ्या हाताने नेसायचं आहे. योजना लुगड्यापासून सुरू होते.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी, त्याच काटवटीपुढे, त्याच चुलीवर. जागा बदलली तर तुलना फसते. मग नोंद अशी होते: जमिनीवरून एका हाताचा आधार घेऊन उठते, तोंडी आठवण एकदाही लागली नाही, उजवा हात भाकरीची कड आवरतो, तिसऱ्या भाकरीनंतर खांदा थकतो.