निरोप आणि ऋण

माझी नात सहा महिने जर्मनींतील एका कुटुंबांत राहून, तेथील शाळेंत शिकून गोरेगावास परतली. ती तिकडच्या मैत्रिणींच्या आठवणीनें चार दिवस रडत होती. "स्वगृहीं येण्याचें दुःख कसलें?" असें घरांतील वडील मंडळी विचारूं लागली. मला मात्र डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. इ. स. १८८३ मध्यें त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हां रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबानें त्यांस लेकीसारखें वागविलें. थिओडिसिया कार्पेंटर यांस त्या मावशी मानीत. १८८६ च्या मार्चांत वैद्यकाची पदवी मिळाली. त्याच वर्षीं क्षीण देहानें त्यांनीं मावशीचा निरोप घेतला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या निवर्तल्या. वय अवघें एकवीस. पुढें त्यांची रक्षा सागरापार गेली, आणि पोकीप्सी येथें कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमींत तिला जागा मिळाली.

शतपथ ब्राह्मणांत देव, ऋषि व पितर यांच्या जोडीस मनुष्यांचेंही ऋण सांगितलें आहे. तें निवारा व अन्न देऊन फिटतें. म्हणून परतलेल्या मुलाचें रडणें थोपवूं नये. ज्या माउलीनें त्यास जेवूं घातलें, तिला घरच्या वडिलांनीं स्वहस्तें पत्र लिहावें. आणि परदेशचा विद्यार्थी दारीं आला, तर आपल्याच पंक्तीस त्याचें पान मांडावें.