डिअर ऑल

आमच्या गावाकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच येते. बाबा बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार, वाटेत साप-विंचू. म्हणून एका वीकेंडला एक्सबी रेडिओ मॉड्यूल्स घेऊन बसलो. एक जोडी आमची, एक शेजारच्या काकांची.

नव्या मॉड्यूलमध्ये एमवाय म्हणजे स्वतःचा पत्ता ०, आणि डीएल म्हणजे समोरच्याचा पत्ता, तोही ०. नेटवर्क आयडी सगळ्यांचा ३३३२. थोडक्यात, एकाच नावाची चार भावंडं! आधी सेकंदभर गप्प, मग तीन प्लस, परत सेकंदभर गप्प. 'ओके' आलं की कमांड्स द्यायच्या. शेवटी एटीडब्ल्यूआर, नाहीतर लाइट गेली की सगळं विसरतं.

डीएच ० ठेवून डीएलला एफएफएफएफ दिलं की ब्रॉडकास्ट. सोप्पं! पण मग काकांचीही मोटर सुरू होणार. विहिरीत पाणी नसेल तर जळणार. शिवाय ब्रॉडकास्टला पोच नसते. ऑफिसातल्या 'डिअर ऑल' मेलला कोण उत्तर देतं सांगा? एकाच पत्त्यावर पाठवलं तर पोच येते, नाही आली तर मॉड्यूल आणखी तीनदा प्रयत्न करतं.

म्हणून घर १, मोटर २. काकांचे ३ आणि ४.

पण पोच म्हणजे निरोप रेडिओला मिळाला, मोटर फिरली असं नव्हे. त्यासाठी मोटरला खरंच करंट गेला की उलट निरोप येतो, घरात हिरवा दिवा लागतो. बाबांचा भरवसा फक्त त्या दिव्यावर. बरोबरच आहे त्यांचं.

असो. चारही पत्ते मार्करने स्टार्टरच्या पेटीत लिहून ठेवलेत. मी पुण्यात असतो ना.