फर्दापूरचा तिठा

फर्दापूरच्या तिठ्यावर आमची गाडी अडली तेव्हा किंचित रागच आला. अजिंठ्याची लेणी तिथून अवघी चार किलोमीटर. पण खाजगी वाहन पुढे न्यायचे नाही, एस.टी.च्या बसनेच जायचे. वर पुन्हा चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर, फ्लॅश बंद, आणि एका वेळी मोजकीच माणसे. आलेला पाहुणा किती मोठा, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही.

दहाव्या लेण्यात मात्र थबकलो. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी तिथल्या खांबावर, चित्रावरच, आपले नाव कोरले. तेव्हा आत राडारोडा साचलेला, म्हणून ते आज डोक्याच्या वर दिसते. आत शिरलेल्याने काय करू नये, हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.

आमचा व्यवसाय सर्व्हर सांभाळण्याचा. युनिक्सच्या जुन्या रीतीत फाइल कोणी वाचावी हे तिचा मालक ठरवतो, आणि 'रूट' तर साऱ्यांचाच धनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुली केलेली एसईलिनक्स ही व्यवस्था २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ आवृत्तीत आली. तिच्यात पडद्यामागे चालणाऱ्या प्रत्येक सेवेला एक लेबल, प्रत्येक फाइलीला एक लेबल. कोणी कशाला शिवावे हे धोरणात लिहिलेले. जे लिहिलेले नाही ते निषिद्ध, मग ती सेवा रूटच्या नावाने का चालेना!

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत रात्रीचा बॅकअप चालेना. नोंदवहीत नकारांच्या ओळी. आम्ही वैतागून व्यवस्था 'पर्मिसिव्ह' केली. म्हणजे नकाराची नोंद व्हायची, नकार मात्र व्हायचा नाही. उद्या पाहू म्हटले. तो उद्या दीड वर्ष उगवला नाही. मग वेबसेवेतल्या एका भोकातून कोणी आत शिरले. पगाराच्या फाइली निष्काळजीपणे सर्वांना वाचता येतील अशा ठेवलेल्या होत्या. वेबसेवेच्या लेबलाला त्यांच्याकडे फिरकण्याची मुभा धोरणात नव्हती. पण धोरण आम्हीच झोपवलेले. नोंदवहीत त्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या.

बॅकअपचा मूळ दोष मागाहून सापडला. फाइली दुसऱ्या जागेवरून हलवताना लेबल जुनेच राहिले होते. एका आज्ञेत ते दुरुस्त झाले, मिनिटभरात. कर्मचाऱ्यांना पाठवायचे क्षमापत्र लिहायला आम्हाला दोन दिवस लागले.