पॉइंटवरून दिसणारं पाणी

संपादकांचं म्हणणं होतं की रत्नागिरीचे किनारे आणि पॉइंट यांवर लिहा, दिवाळीच्या सुट्टीत लोक कोकणात उतरतात, त्यांना उपयोग होईल. फक्त भूशास्त्र बेताने असू द्या. किनाऱ्याच्या भूरूपांचा अभ्यास करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ते बेताने ठेवणं मला कठीण आहे. शिवाय त्यांचा फोन आला तो पावसाळा संपता संपता. त्याआधी, कुणी बुडाल्याची बातमी आली की हमखास येणारा दुसरा फोन येऊन गेला होता, ‘सर, तिथे भोवरा आहे का हो?’ भोवरा नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि पुढच्या बातमीत पुन्हा भोवराच छापून येतो. तेव्हा या लेखात मला एकच गोष्ट नीट सांगायची आहे. इथला समुद्र आधी वरून पाहावा आणि मगच खाली उतरावं.

वरून पाहण्याची सोय सगळ्याच किनाऱ्यांना नसते. आपल्याला ती जांभ्याने करून दिली आहे. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. उष्ण आणि दमट हवेत तो माथ्याकडून कुजत गेला, सिलिका वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनिअम मागे उरलं, तो जांभा. त्याचे सपाट माथे म्हणजे आपले सडे. हे सडे थेट समुद्रापाशी येऊन तुटतात आणि दोन सड्यांच्या मधल्या खाचेत पुळण साठते. रत्नदुर्ग, आरे-वारेचा चढता रस्ता, थिबा पॉइंट ही सगळी अशी उंचावरची ठिकाणं.

कडेबद्दल एक सांगून ठेवतो. जांभ्याखाली मऊ, पांढुरक्या मातीचा थर असतो. विहिरी खणणारे तिला शेडी म्हणतात. जांभ्याच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी ही शेडी हळूहळू काढून नेतं आणि वरचा दगड पुढे तरंगत राहतो. वर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. फोटोसाठी टोकावर जाणाऱ्यांनी दहा पावलं मागे उभं राहावं, समुद्र तेवढाच दिसतो.

मांडवीची वाळू काळी आणि डोंगरापलीकडे मिऱ्याच्या अंगाची पांढरी, याचं पर्यटकांना फार नवल वाटतं. मी विद्यार्थ्यांना मांडवीवर नेतो तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक ठेवून तो वाळूवरून फिरवायला सांगतो. पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटते. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की ते कण तळहातावर पडतात, आणि मूठभर वाळूचं ते वजन पाहून मुलं चकित होतात. बेसाल्टातून सुटलेली ही लोह आणि टायटॅनिअमची खनिजं. त्यांतलं इल्मेनाइट पाण्याच्या जवळजवळ पावणेपाच पट जड, साधी गारगोटीची वाळू अडीच पटींच्या थोडी वर. लाट हलके कण उचलून नेते, जड मागे ठेवते. पांढऱ्या बाजूला शंखशिंपल्यांचा चुरा जास्त. वाळू कुठे ठेवायची आणि कुठून खरवडून न्यायची हे लाटाच ठरवतात, आणि माणसं बुडतात तीही या वाळूच्या मांडणीमुळे.

आरे-वारेच्या रस्त्यावर वळणापाशी सुरक्षित जागी थांबा आणि पंधरा मिनिटं फक्त पाण्याकडे बघा. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा बुडालेला बांध असतो. लाटा त्यावर फुटतात, पांढरा फेस दिसतो. बांधावरून आत आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि जिथे बांध खचलेला असेल तिथून जोराने बाहेर पडतं. ती घळ खोल असते, म्हणून तिथे लाट फुटत नाही. वरून पाहाल तर दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे एक गडद, गुळगुळीत पट्टा दिसेल. त्यात फेसाचे पुंजके आणि गढूळ वाळू समुद्राच्या दिशेने सरकत असेल. आता खाली वाळूवर उभ्या असलेल्या कुटुंबाच्या नजरेने पाहा. डावीकडे लाटा, उजवीकडे लाटा, मधे शांत पाणी. मुलांना घेऊन ते त्या शांत पाण्यातच शिरतात.

हा प्रवाह कुणाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. सेकंदाला अर्धा ते एक मीटर हा नेहमीचा वेग, समुद्र खवळलेला असेल तर त्याच्या दुप्पटही. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे त्याचा जोर ओसरतो. पण माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो, दमतो आणि बुडतो. त्याला वाचवायला पोहता न येणारा दुसरा उडी घेतो. पुळणीच्या दोन्ही टोकांना, खडकांच्या कुशीत, असा प्रवाह बहुधा कायमचाच असतो, आणि फोटोंसाठी गर्दीही तिथेच.

इथे एका वादाबद्दल लिहायलाच हवं, कारण मोबाइलवर फिरणारे सल्ले त्यातूनच निघाले आहेत. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1936 मध्ये हा प्रवाह भरती-ओहोटीच्या ओढीपेक्षा वेगळा आहे असं मांडलं. नंतर ‘किनाऱ्याला समांतर पोहा’ हा मंत्र रूढ झाला. 2010 मध्ये मॅकमहान आणि सहकाऱ्यांनी जीपीएस लावलेली तरंगती उपकरणं सोडून दाखवलं की पाण्यात मोठी चक्रं तयार होतात आणि बहुतेक उपकरणं लाटांच्या पट्ट्यातच फिरत राहतात. म्हणजे नुसतं तरंगत राहिलात तर पाणीच तुम्हाला उथळावर आणण्याची शक्यता बरीच, आणि समांतर पोहताना दिशा चुकली तर तुम्ही चक्राच्या विरुद्ध जाल. ऑस्ट्रेलियात रॉब ब्रँडर वगैरे मंडळींनी जांभळा रंग सोडून आणि माणसांना पाण्यात उतरवून पाहिलं. निष्कर्ष असा की कुठलाच एक उपाय प्रत्येक वेळी लागू पडत नाही. मी हे सगळं आवडीने वाचतो, शिकवतो. पण आपल्या पुळणी लहान, दोन्हीकडे खडक, आणि पाण्यात उतरणाऱ्या बहुतेकांना ना पोहता येतं ना तरंगता. त्यांना यातला कुठलाही सल्ला पाण्यात शिरल्यावर उपयोगी नाही. कुणी अडकलंच तर मागे उडी न घेता त्याच्याकडे झाकण लावलेला रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेकावं आणि मदतीला हाक मारावी.

दिवाळीत समुद्र शांत असतो असं मला ऐकवलं जातं. जून ते सप्टेंबरच्या लाटा उतरलेल्या असतात हे खरं. त्या महिन्यांत पाण्यात पाऊल घालूच नये. पण पावसाळ्याने खणलेल्या घळी लगेच बुजत नाहीत. शिवाय लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. आमच्याकडचे मच्छीमार भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. अमावास्या ही पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरती साधारण सव्वाअकराला आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पाणी उतरलं की बांध उघडे पडत जातात, परतणारं पाणी घळींतच कोंडतं आणि ओढ वाढते. नेमक्या त्याच वेळी सूर्यास्त पाहायला आलेले लोक गुडघाभर पाण्यात उतरतात.

भाट्ये त्या मानाने सपाट आणि मोकळं. पण त्याच्या उत्तर टोकाला काजळी नदी समुद्राला मिळते. थिबा पॉइंटवरून खाडीचं मुख आणि तिथली वाळूची दांडी नीट दिसते. ओहोटीला सगळी खाडी त्या अरुंद तोंडातून रिकामी होत असते. पोरांना खेळवायचं तर सुरूच्या बनासमोर, मुखापासून दूर.

गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांमधेच पोहावं हे तिथे पर्यटकांना सांगितलं जातं. आपल्याकडे ‘पोहण्यास मनाई’ची पाटी वाळूत रोवलेली असते. ती वाचून कुणी थांबत नाही, कारण समोर शांत पाणी दिसत असतं. पाटी वर, आरे-वारेच्या वळणावर हवी. तिच्यावर त्याच जागेवरून पावसाळ्यात काढलेला मोठा फोटो हवा, गडद पट्ट्यावर बाण काढलेला. हे मी लेखी कळवलं आहे, पुन्हा कळवीन. फोटो माझ्याकडे तयार आहेत. ग्रामपंचायत असो, हॉटेलवाले असोत की एखादं मंडळ, जो लावील त्याला मी ते विनामूल्य देईन.