आजीचं बोट

धाकट्या बहिणीचं बॉटनीचं प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं. "ताई, हे इंग्लिश डोक्यात शिरत नाहीये. मराठीत सांग ना," म्हणत तिने नोट्स माझ्यापुढे टाकल्या. मी साहित्याची विद्यार्थिनी, पण नाही म्हणवेना.

सांगता सांगता मीच गुंतले. वनस्पतीच्या पेशी भिंतींनी एकमेकींना चिकटलेल्या. जागा बदलायची सोय नाही. त्यामुळे मुळाचा, पानाचा आकार बऱ्याच अंशी नवी भिंत कुठे उभी राहते यावर ठरतो. आणि ती जागा विभाजनाआधीच ठरलेली असते! केंद्रक दुभंगण्यापूर्वी पेशीच्या आतल्या कडेला सूक्ष्मनलिकांची एक पट्टी जमते, कमरेला पट्टा बांधावा तशी. १९६६ मध्ये पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी ती गव्हाच्या पेशींत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली.

गंमत म्हणजे प्रत्यक्ष विभाजनाच्या वेळी ही पट्टी नाहीशी झालेली असते. तरी नवी भिंत आतून बाहेर वाढत जाते आणि पट्टीच्याच जागी जुन्या भिंतीला मिळते.

"मग खूण राहते कशी?" बहिणीने विचारलं.

"काही प्रथिनं तिथेच थांबतात," मी नोट्स बघून म्हणाले. आणि एकदम आजी आठवली.

आम्ही बेळगावचे. शाळेत इंग्लिश, रस्त्यावर कन्नड, घरात मराठी. संध्याकाळची रोझरी संपली की आजी मराठी बायबल उघडायची, ओळीखाली बोट फिरवायची आणि मी अडखळत वाचायचे. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. मी दहावीत असताना आजी गेली. पुढे डिग्रीला मराठी घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, हे अचानक काय? अचानक कुठलं!

२०१७ मध्ये ही पट्टी न बनणाऱ्या अरॅबिडॉप्सिसच्या रोपांवर संशोधन प्रसिद्ध झालं. ती रोपंही वाढतात, फक्त भिंती तितक्या नेमक्या पडत नाहीत. म्हणजे आजी नसती तरी मी वाढलेच असते. थोडी तिरकी, इतकंच.

मागच्या आठवड्यात एम. ए. मराठीचा फॉर्म भरला. पप्पांच्या मते मी नोकरी बघतेय. हा अंक आला की हे पान त्यांच्यापुढे ठेवणार आहे. आजीचाच मुलगा, त्यांच्याही ओळीखालून ते बोट फिरलंय.