रुग्णालयाची तेरीज

डेटाबेस आधी की फाइली आधी? बॅकअपच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही या प्रश्नानं माझी पाठ सोडलेली नाही. पतसंस्थांची कामं करत होतो, तेव्हा तो रोज रात्री आपोआप मिटायचा. डे-एंड झालं, कीर्द बंद झाली, सगळे लॉगआउट झाले की सर्व्हर निवांत. खात्यांचा डेटाबेस आणि सह्यांचे नमुने, केवायसीचे स्कॅन वगैरे फाइली, दोन्ही जागच्या जागी थांबलेलं. काहीही आधी उचला, फरक पडत नव्हता. आणि तपासायला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, होती. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायचं, तेरीज काढायची, मूळ तेरजेशी पैशापर्यंत जुळली की मी मोकळा.

मग मिरजेतल्या एका रुग्णालयाचं काम आलं. रुग्णालयाला डे-एंड नसतो. रात्री दोनला अपघाताची केस येते, नोंद होते, एक्स-रे निघतो, रिपोर्टची पीडीएफ सर्व्हरवर पडते, आणि नेमका त्याच वेळी माझा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढण्याचं काम, चालू असतो. डंप सुरू होतानाचं डेटाबेसचं जे चित्र असेल तेच शेवटपर्यंत धरून ठेवतो, एवढी सोय पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. पण फाइलींना असा क्षण नाही. त्यांची उचल तास-दीड तास चालते आणि तेवढ्यात वॉर्डातून नव्या फाइली येतच राहतात. फाइली आधी उचलल्या आणि डेटाबेस मागून, तर प्रतीत अशा नोंदी सापडतात ज्यांची फाइलच नाही. डॉक्टर रिपोर्टवर क्लिक करणार आणि समोर रिकामा पडदा. उलट केलं, म्हणजे डेटाबेस आधी, तर काही फाइली बिननोंदीच्या उरतात. त्या जागा खातात, बाकी कुणाला त्रास देत नाहीत. म्हणून डेटाबेस आधी.

पण एवढ्यानं भागत नाही. प्रोग्रामनं लिहितानाही क्रम पाळला पाहिजे: फाइल आधी डिस्कवर, नोंद मागून. बॅकअप घेताना नोंद आधी, फाइल मागून. रिस्टोअर करताना पुन्हा फाइली आधी. आणि पुसताना? नोंद आज पुसली तरी फाइल लगेच पुसायची नाही, नाहीतर डंपमध्ये असलेली नोंद आणि उचलण्याआधीच गेलेली फाइल, असा घोळ मागच्या दारानं परत येतो. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींना हे पटवताना माझा घसा बसला. त्यांना बॅकअप म्हणजे क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली, एक ओळ वाटते.

ही समजूत सगळीकडे आहे आणि मला तिचा राग येतो. ‘क्लाउडवर आहे, चिंता नको’ म्हणत फोल्डर सिंक करून देणारे आमच्या भागात पुष्कळ झाले आहेत. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे रॅन्समवेअरनं फाइली कुलूपबंद केल्या की त्या कुलूपबंद फाइलीच इमानानं वर जातात. अशाच समजुतीच्या एका ठिकाणी मला बघायला बोलावलं होतं. क्लाउडवरच्या साठ्यात, म्हणजे बकेटमध्ये, रोजची फाइल होती, नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार वीस बाइट. रिकाम्या ओघाला जीझिप केलं की वीस बाइटच उरतात. डंप पासवर्डावर अडत होता, पण पाइपमध्ये शेवटी जीझिप होता आणि तो यशस्वी होत होता, म्हणून रोज ‘सक्सेस’ची मेल यायची. मधला प्रोग्राम अडला तरी अपयश कळवणारं पाइपफेल स्क्रिप्टमध्ये कुणी लिहिलं नव्हतं.

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. एस-थ्री या क्लाउड साठ्यावर डंप जायला हवे होते, ते नव्हतेच. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंपचा प्रोग्राम ९.२ चा, म्हणून तो रोज अडत होता, आणि अपयशाच्या मेल डीमार्क या मेल तपासणीच्या नियमात अडकून कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणी हातानं स्नॅपशॉट घेतला होता, म्हणून बरंचसं वाचलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

दुसरी प्रत दूर हवी, हे आम्हा सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा संस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर आणि हार्डडिस्क चेअरमनांच्या घरी, पण घर त्याच पेठेत, अशी अवस्था असलेल्या संस्था होत्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या. पाणी असो की आग, गोष्ट तीच.

तर माझा क्रम पक्का झाला होता. तेवढ्यात माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीनं विचारलं, ‘‘सर, पतसंस्थेला तेरीज आहे. मग रुग्णालयाची तेरीज कुठली?’’

त्या प्रश्नानं माझं काम बदललं. तोवर रविवारी मी स्वतः रिस्टोअरला बसायचो. चार-दोन पेशंट उघडून बघायचो, रिपोर्ट चाळायचो, नजरेनं ठरवायचो. तिनं ती नजर स्क्रिप्टमध्ये उतरवायला घेतली. प्रत्येक रिपोर्टच्या नोंदीसमोर फाइल आहे का, तिचा आकार आणि हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदीतल्याशी जुळतो का. बिननोंदीच्या फाइली किती, हा आकडा चालेल. बिनफाइलीची नोंद एकही चालणार नाही. काउंटरवरच्या पावत्यांची आदल्या दिवसाची बेरीज मूळ बेरजेएवढी आहे का. पहाटे क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये एक तात्पुरतं मशीन उभं राहतं, बकेटही तिथलीच म्हणून डेटा ओढायचे वेगळे पैसे पडत नाहीत. ते सगळं रिस्टोअर करतं, मोजतं, निरोप पाठवतं आणि स्वतःला संपवतं. सहापर्यंत निरोप आला नाही, तर बाहेरची एक वेगळी सेवा आम्हा दोघांना फोन करते. निरोप न येणं हीच धोक्याची खूण धरायची, ही कल्पना तिची.

मला हे सुखानं पचलं नाही. रविवारी मी गेलो की चहा यायचा, मॅनेजर खुर्ची ओढून शेजारी बसायचे, ‘तुम्ही आहात म्हणून झोप लागते’ म्हणायचे. ते ऐकायला मी जात होतो, हे आता कबूल करतो. तिची स्क्रिप्ट चालू झाल्यावरही मी कितीतरी रविवार हातानं तपासत राहिलो, आणि त्यात सावधगिरी थोडी, आपली गरज उरावी ही इच्छा जास्त होती. बॅकअपच्या प्रती ज्या कुलूपबंद साठ्यात आहेत, त्या रेपॉझिटरीचा पासवर्डही मी बराच काळ माझ्याकडे आणि तिजोरीतल्या एका लिफाफ्यात, एवढ्याच ठिकाणी ठेवला. तो हरवला तर ती प्रत कुणालाच उघडता येत नाही. त्यातही मला एक मानाची जागा वाटत होती. गेल्या महिन्यात तो तिच्याही हवाली केला.

आता वाद सीटी आणि एमआरआयच्या चित्रांवर आहे. हॅश जुळला म्हणजे प्रत मुळासारखी आहे एवढंच कळतं. मूळ चित्रच डिस्कवर खराब झालं असेल, आणि हॅश आम्ही त्यानंतर काढला असेल, तर खराबीचीच इमानदार प्रत निघते. म्हणून चित्रं उघडून बघायला हवीत, आणि सगळी रोज उघडणं परवडत नाही. ती म्हणते, कालची सगळी उघडू, बाकीतली यदृच्छेनं निवडू. मी म्हणतो, सर्वांत जुन्या वर्षाची आधी, कारण ती त्या डिस्कवर सर्वांत जास्त काळ पडून आहेत आणि वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नाहीत. तिचं म्हणणं, जुनं चित्र खराब निघालं तर आणायचं कुठून? दुसरी प्रत असेल तर आत्ताच शोधू, नसेल तर निदान डॉक्टरांना सांगू, हे माझं उत्तर. तिला ते अजून पटलेलं नाही, आणि पहाटेच्या मशीनच्या वेळात दोन्ही याद्या बसत नाहीत.